आमच्या घरात कोणाला नाही

१८ जानेवारी, रविवार. सकाळपासून बटव्यांना टिचबटणं लावत बसले आहे. संध्याकाळी हळदीकुंकू आहे आणि वाण म्हणून हे बटवे द्यायचे आहेत. खणाच्या कापडाचे, आतून मऊ अस्तर, तळहातात मावतील एवढे. ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे तुकड्यांना तोटा नसतो. दुपारी तिळगूळ बांधायचा आहे, आणि डॉ. रेवती येणार म्हणून आतली खोली रिकामी करायची आहे. हळदीकुंकवाला रक्त काढणारी डॉक्टर येते आहे, हे कळल्यापासून शेजारच्या बायका माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

येणार आहेत त्या फक्त माझ्या रक्ताच्या बायका. चुलत, आते, सगळ्या. त्यातली एक आली नाही तर बाकीच्या येऊन मला निम्माच आनंद होणार आहे. ती म्हणजे माझी धाकटी बहीण शोभा, वणीला असते. तिने छातीची तपासणी करून घ्यायला हवी, असं डॉ. रेवतींनी सांगितल्याला कित्येक महिने झाले. ती फोनवर द्राक्षांबद्दल बोलते, मजुरांबद्दल बोलते, आणि ठेवून देते.

ती येते का ते संध्याकाळी कळेल. तोवर हात रिकामे नाहीत, पण डोकं रिकामं आहे, म्हणून मध्येमध्ये उठून हे लिहून काढते. कॅन्सरच्या वॉर्डातल्या नव्या बायका विचारतात, ताई, तुमचं कसं कसं झालं. प्रत्येकीला तोंडी सांगत बसण्यापेक्षा हे बरं.

कळलं तो दिवस

गाठ माझी मलाच सापडली. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःच्या मापातला फरक लक्षात येणारच. डावीकडे काखेजवळ, वाटाण्यापेक्षा मोठी, न दुखणारी. न दुखणारी म्हणून मी आठवडाभर सोडून दिली. हे करू नका.

मॅमोग्राफीच्या खोलीत गळ्यातलं काढायला सांगितलं. लग्न झाल्यापासून ते कधी असं काढून ठेवलं नव्हतं. ठेवायला जागा नाही, पर्स बाहेर. शेवटी दार किलकिलं करून मिस्टरांच्या हातात दिलं. बाहेर आले तर ते दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत मंगळसूत्र धरून बाकावर बसलेले, जसं काही तीर्थ सांडेल. मला हसू आलं. पुढे बऱ्याच दिवसांत आलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं. आजचे बटवे त्यावरूनच सुचले.

सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला तेव्हा मी दुकानात होते, मिस्टर तो घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. पुढच्या दिवशी लग्न असलेल्या एका मुलीचा ब्लाउज मशीनवर होता. मी म्हटलं, "वाचलात?"

"वाचला."

"आहे?"

"आहे."

"मग चहा ठेवा. एवढी बाही लावून होते."

बाही मी नीट लावली. लोक म्हणतात, किती खंबीर. खंबीरबिंबीर काही नाही. त्या मुलीला लग्नात ब्लाउज हवा होता.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी फाइल भरताना विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर होता?"

मी आणि सासूबाई एका सुरात म्हणालो, "आमच्या घरात कोणाला नाही."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. हे वाक्य ध्यानात ठेवा.

दवाखान्याचे दिवस

आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. पुस्तकात असतं ते मी सांगत नाही, पुस्तकात नसतं ते सांगते.

केमोच्या खुर्च्या खिडकीपासून भरत जातात, म्हणून लवकर जा. सोबत स्वतःची उशी न्या. तोंड आलं की बर्फाचा खडा चघळा, पण आधी सिस्टरांना विचारा. गव्हांकुराचा रस घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना तो त्यांच्याच हाताने त्यांनाच प्यायला द्या, पुन्हा आणत नाहीत.

केस गेले त्याचं मला फार वाटलं नाही. वास मात्र सहन होईना. फोडणीत हिंग पडला की मला मळमळून यायचं. हिंगाशिवाय आमटी हा सासूबाईंच्या मते दुखवट्याचा स्वयंपाक. आम्ही दोघी इतक्या वर्षांत बऱ्याच गोष्टींवर भांडलो आहोत. या वेळी त्यांनी छोटी शेगडी गच्चीत नेली आणि पातेलं हातात धरून जिना चढून वर जाऊन फोडणी देऊ लागल्या. गुडघे दुखतात त्यांचे. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही, मला वरची हवा आवडते."

ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला. टाके सुकल्यावर मी पहिलं काम केलं ते ब्लाउजला आतून खिसा शिवायचं. नुसता कापूस भरला तर ती बाजू हलकी पडते, खांदा उचलला जातो. वजन हवं. बाजरी टोचली, वाळू ओघळली, म्हणून एकदा मोहरी भरून पाहिली. दुपारच्या उन्हात मोहरीचा वास सुटला.

सासूबाई म्हणाल्या, "मला गच्चीत पाठवलंस आणि स्वतः अंगावर फोडणी घेऊन फिरतेस होय?"

माझी मुलगी केतकी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आजारपण सुरू झाल्यापासून ती घरात चोरपावलांनी चालत होती, मला काही मागायची नाही, माझ्याशी भांडायची नाही. त्या दिवशी संध्याकाळी भांडली. घर ताळ्यावर येत असल्याची मला पटलेली ती पहिली खूण.

आम्ही सगळ्या उपाशी

मधल्या काळात माझी जनुकांची एक तपासणी झाली होती. ज्या नावाजलेल्या जनुकांमुळे हा रोग घराण्यात चालत येतो, ती माझ्यात ठीक निघाली. मला वाटलं, संपला विषय.

मग डॉ. रेवतींचा फोन आला. तरुण मुलगी, माझ्या केतकीपेक्षा थोडी मोठी असेल. त्या एका संशोधनात काम करत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या कुटुंबातल्या बायका रक्ताचा नमुना द्यायला तयार होतील का?"

तयार? मी कामाला लागले. सासूबाई, जाऊ मंदा, पुतण्याची नवी बायको, केतकी आणि मी. दोन रिक्षा केल्या. सगळ्या इस्त्रीच्या साड्या नेसून, आणि रक्त द्यायचं म्हणून सगळ्या उपाशी. उपाशी या असं कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तर चहासुद्धा घेतला नव्हता, आणि त्याचा उल्लेख त्या दर सिग्नलला करत होत्या.

डॉ. रेवतींनी कागद घेतला. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. मधोमध माझा गोल काढला आणि सासूबाईंकडे पाहून विचारलं, "या तुमच्या आई?"

"नाही, सासूबाई. मिस्टरांच्या आई."

"आणि या?"

"जाऊ. सिन्नरची."

"आणि या?"

"पुतण्याची बायको. सटाण्याची आहे."

पेन थांबलं. त्यांना हसायचं होतं, पण शिकलेल्या असल्यामुळे हसल्या नाहीत. "ताई, यातलं तुमच्या रक्ताचं कोण?"

मी आमच्या रांगेकडे पाहिलं. ही एक इकडून आलेली, ती दुसरी तिकडून आलेली, मी तिसरीकडून आलेली. घरातल्या बायका म्हणून मी दिमाखात घेऊन आले होते, त्यात केतकी सोडली तर माझ्या रक्ताचं कोणी नव्हतं. सगळ्या मिळून आम्ही एक कुटुंब होतो यात शंका नाही. पण रक्ताच्या हिशेबाने आम्ही एसटीतल्या एका बाकावर बसलेल्या बायका.

सासूबाईंना हे आवडलं नाही. "म्हणजे इतकी वर्षं एका घरात जेवलो, ते रक्तात येत नाही?"

"नाही येत, आजी."

"मग तुमचं ते रक्त फार कोत्या मनाचं आहे बाई. जाऊ दे. आता चहा मिळेल का?"

चहा आला. आणि चहा पिता पिता डॉ. रेवतींनी फाइलमधलं वाक्य वाचून दाखवलं. आमच्या घरात कोणाला नाही. "ताई, हे कुठल्या घराबद्दल सांगितलं होतं?"

मी कप खाली ठेवला. लग्न झाल्यावर बाई 'आमच्या घरात' म्हणते तेव्हा सासरबद्दल बोलते. मीही तेच बोलले होते. डॉक्टरांनी माझ्या शरीराबद्दल विचारलं आणि मी माझ्या नवऱ्याच्या घराण्याचा निर्वाळा दिला.

"वडिलांना बहीण होती?"

होती. सरूआत्या. माझ्या माहेराहून, सायखेड्याहून, ओझरला दिलेली. मी शाळेत असताना ती छातीतल्या गाठीने गेली. मला तिची जरीकाठी साडी आठवते, तिच्या हातचे मांडे आठवतात, ती कशाने गेली हेही मला माहीत होतं. पण मोजायची वेळ आली तेव्हा मी तिला मोजलंच नाही, कारण ती ओझरची.

"वडिलांकडूनही येतं?" मी विचारलं. मला वाटायचं हे आईकडूनच येत असेल.

"अर्धं सगळं वडिलांकडूनच येतं, ताई."

निरोप

त्या संशोधनाबद्दल मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. मला आजारपणात पहिल्यांदा मजा वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही.

आपल्या अंगात पहारा करणाऱ्या पेशी असतात. कुठे काही बिघडलं की त्या एकमेकींना निरोप धाडतात. इकडे या, हे बघा, याला संपवा, आता पुरे, परत जा. हे निरोप कसे तयार व्हायचे आणि ऐकणारीने ते कसे ऐकायचे, त्याच्या सूचना जनुकांत असतात. त्या सूचना तुमच्यात आणि माझ्यात जरा जरा वेगळ्या असतात. बहुतेक फरकांनी काही बिघडत नाही. काहींमुळे निरोप हळू जातो, काहींमुळे 'आता पुरे' हा निरोप उशिरा पोचतो आणि धुमसणं चालू राहतं. अशा फरकांपैकी काहींचा या कॅन्सरच्या धोक्याशी संबंध आहे का, हे त्या शोधत होत्या. म्हणून आजार झालेल्या आणि न झालेल्या, पण एकाच रक्ताच्या बायका हव्या होत्या.

मी म्हटलं, "म्हणजे मुंढ्यासारखं."

"कशासारखं?"

"ब्लाउजचा मुंढा, बाही बसते ती गोलाई. कापताना सुताएवढी आत गेली तरी ब्लाउज ब्लाउजच असतो. बाई वर्षभर घालते. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की मगच ओढतं."

त्यांना ते आवडलं, पण त्यांनी मला तिथेच थांबवलंही. "एक मुंढा नाही, ताई. असे खूप छोटे छोटे फरक, प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. एकट्या मुंढ्याने ब्लाउज फाटत नाही. कापड, धुणं, वय, सगळंच लागतं. आणि तुमचा कुठला फरक कामी आला, हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही. अजून कोणालाच सांगता येत नाही."

हे स्पष्ट सांगितल्याबद्दल मला त्या जास्त आवडल्या. तोवर जो तो मला कारण सांगत होता. एकजण म्हणे डबे प्लॅस्टिकचे, दुसरी म्हणे दिवसभर बसून काम. इथे ज्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं त्याच म्हणत होत्या, माहीत नाही, शोधतोय, चला. मला चला म्हणणारं कोणी भेटून फार दिवस झाले होते.

निघताना त्या म्हणाल्या, "सख्खी बहीण आहे?"

"आहे. वणीला."

"तिला आणा. माझ्या संशोधनासाठी नंतर. आधी तपासणीसाठी. आत्या आणि बहीण, दोघींना झालंय तिच्या."

शोभा

मी त्याच दिवशी फोन लावला.

"अक्के, आमच्या घरात कोणाला नाय," शोभा म्हणाली.

"आमच्या म्हणजे?"

"आमच्या म्हणजे इथल्या. वणीतल्या."

"अगं, तू वणीतली आहेस का? सायखेड्याची आहेस. सरूआत्या विसरलीस?"

"ती ओझरची ना. अन् मला काय बी होत नाय. तू आजारी हायेस, तू आराम कर."

त्यानंतर दर आठवड्याला हेच. कधी छाटणी, कधी फवारणी, कधी नवऱ्याची पाठ. मी रागावले, गोड बोलले, केतकीकडून बोलवून पाहिलं. एकदा चुकून तिच्या तोंडून खरं निघालं. "अन् काय सापडलं तर मंग?" एवढंच म्हणाली, आणि लगेच फवारणीवर गेली.

चुलतभावाला म्हटलं, माहेरच्या सगळ्या बायकांची नावं काढून दे. त्याने उत्साहाने रामकुंडावरच्या गुरुजींकडून घराण्याची वंशावळ फोटो काढून पाठवली. किती पिढ्या मागे जाते ती. सगळे पुरुष. एक लेक नाही. शेवटी मीच चुलतीला फोनवर धरून एकेक नाव गोळा केलं, कोण कुठे दिली ते शोधलं. निफाड, चांदोर, मनमाड, एक तर थेट सुरतेला. संक्रांतीचं निमित्त बरं होतं. तपासणीला बोलावलं तर कोणी येत नाही, वाणाला येतात.

संध्याकाळ

आता रात्र झाली आहे आणि हात दुखतो आहे, पण हे आत्ताच लिहिलं पाहिजे.

आल्या. माझ्या घरात पहिल्यांदा सगळ्या एकाच नाकाच्या बायका बसल्या होत्या. सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. मंदाला म्हणाल्या, "बघ, सगळ्यांची नाकं वडिलांकडची. कोणी मागितली होती का?" सरूआत्याची लेक लता आली. ती विधवा आहे. तिला कुंकू लावायचं की नाही यावर चर्चा झाली नाही, कारण सासूबाईंनी स्वतःच उठून तिला पहिलं लावलं.

डॉ. रेवतींनी सगळं समजावून सांगितलं, सह्या घेतल्या. आतल्या खोलीत एकेक जात होती, दंडावर कापूस धरून बाहेर येत होती आणि तिळगूळ घेत होती.

शोभा सगळ्यांत शेवटी आली. द्राक्षाची पेटी घेऊन, जसं काही उशीर पेटीमुळेच झाला.

डॉ. रेवतींनी तिलाही सांगितलं की या संशोधनाचा कुणाचा वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही.

"म्हंजी मला काय बी कळनार नाय?"

"नाही."

"लय बेस," म्हणून तिने लगेच हात पुढे केला. "पाहिजे तेवढं घ्या."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, "रक्त दिलंस. तपासणीचं काय?"

"अक्के, झालं ना आता."

तेव्हा लता बोलली. लता फार बोलत नाही. "आईने पदर घट्ट आवळून घेतला होता," ती म्हणाली. "कोणाला हात लावू देईना. ओझरला म्हणायचे, सायखेड्याची खोड हाय, त्यांनी बघावं. सायखेड्याला म्हणायचे, दिली ती दिली, ओझरकरांनी बघावं. दोन घरं होती आईला. शोभे, एकानेबी नेली नाय दवाखान्यात."

मंदा पाणी आणायला उठली.

मी बटवे वाटले. शोभाने तिचा उलटसुलट करून पाहिला. बटण उघडलं, लावलं. "एवढ्याशात काय मावणार?"

"मंगळसूत्र."

"ते कशाला काढायचं?"

"मशीनसमोर उभं राहताना काढावं लागतं. मला ठेवायला जागा नव्हती."

तिने पुन्हा बटण उघडलं, लावलं. मग ओसरीवर जाऊन नवऱ्याला फोन केला. मला इतकंच ऐकू आलं, "नाय, मुक्काम करते. उद्या काम हाय इथं."

सोमवार

सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तिने माझी साडी नेसली होती. चहा पिऊन, पोहे खाऊन, सासूबाईंनी कोणाला उपाशी जाऊ दिलं नाही.

खिडकीतल्या मुलीने नाव, गाव विचारलं. मग विचारलं, "घरात कोणाला होता का?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं नाही. "हाय," ती म्हणाली. "आत्याला होता. अन् हिला, माझ्या अक्काला."

नाव पुकारलं तेव्हा तिने गळ्यातलं काढलं, बटव्यात सोडलं आणि माझ्या हातात दिलं. ती आत गेली. मी टिचबटण दाबलं, बाकावर बसले आणि बटवा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला.